एकतीस इंची

पिकअपच्या पुढच्या चाकाशी जा आणि टायर नि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत हाताचा पंजा घालून बघा. पंजा आरामात गेला, तर गाडी कंपनीच्या मापाची. बोटं अडकली, तर समजायचं की स्वारी मुक्कामाला आलेली आहे. कागदावरचं नाव ३१×१०.५० आर १५. पहिला आकडा उंचीचा, दुसरा रुंदीचा, दोन्ही इंचांत. शेवटचे पंधरा इंच आतल्या रिमचे. एवढं नाव रोज कोण घेणार? आपण याला एकतीस इंची म्हणू. लाडाने काहीही म्हटलेलं त्याला चालतं. आकडा कमी करून म्हटलेलं चालत नाही.

याच्या आधी त्या जागी जो होता, तो २१५/७५ आर १५. साधा, कामाचा, कुणाच्या डोळ्यांत न भरणारा. त्याची उंची नावावरून काढावी लागते: रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ७५ टक्के, ती वर एकदा, खाली एकदा, आणि मधे पंधरा इंची रिम. बेरीज ७०३ मिलिमीटर, म्हणजे पावणेअठ्ठावीस इंच. एकतीस इंची भरतो ७८७. दोघांत फरक ८४ मिलिमीटरचा, आणि गाडी वर उचलली जाते ती त्याच्या निम्म्यानेच, जेमतेम चार सेंटिमीटर. मालकाला मात्र ती वीतभर वाढल्यासारखी दिसते. शेजाऱ्याला हातभर.

मिरवायची याला भारी हौस. गाडी उभी करताना स्टिअरिंग थोडं वळतं ठेवायचं, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला पुढच्या चाकाची नक्षी समोरून दिसते. कडेवरची इंग्रजी अक्षरं पांढऱ्या रंगाने भरून घ्यायची. हौद्यात टोमॅटोचा चिकटा वाळून बसलेला असला तरी चालेल, फाळक्याची कडी तुटलेली असली तरी चालेल. टायर मात्र ब्रशने घासून, वर काळं पॉलिश मारून चकचकीत हवा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात रांगेला लागलेल्या पिकअपांत याची गाडी ओळखायला नंबर वाचावा लागत नाही. तिच्या चाकाशी दोन पोरं उकिडवी बसलेली असतात आणि त्यातला एक टायरवर बुक्की मारून बघत असतो.

मग येतो तो प्रश्न. आपल्याकडे माणूस भेटला की ‘कुठले तुम्ही?’ आणि गाडी भेटली की ‘ॲव्हरेज किती देते?’. इथे मालकाचा चेहरा उतरतो. ‘बाराचं द्यायची. हे टायर टाकले नि दहावर आली.’ हे तो अशा आवाजात सांगतो, जणू घरात एक खादाड पाहुणा येऊन बसलाय आणि त्याला जा म्हणायची सोय नाही.

एकतीस इंची खातो, यात वाद नाही. पण जेवढं खाल्ल्याचा आळ त्याच्यावर आहे, तेवढं तो खात नाही. उरलेला घोळ मीटरचा.

किलोमीटर मोजणारा हा मीटर रस्ता कधी बघतच नाही. तो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाशी बसवलेला एक कारकून आहे. जुन्या गाड्यांत तिथून तार निघून डॅशबोर्डापर्यंत जायची, आता सेन्सर असतो, नोकरी तीच. शाफ्टचे फेरे मोजायचे आणि कंपनीने ठरवून दिलेल्या दराने त्यांचे किलोमीटर करायचे. चाकाचा एक फेरा म्हणजे २ मीटर २१ सेंटिमीटर, असं त्याला कामावर घेताना सांगितलेलं. पुढे चाक बदललं. नव्याचा फेरा २ मीटर ४७ सेंटिमीटरचा. पण ते कारकुनाला कळवलं कोणी? त्याची वही जुन्या दरानेच चालू. त्याच्या वहीत शंभर किलोमीटर चढतात, तेव्हा गाडी ११२ तोडून आलेली असते.

आता मालकाचा हिशोब बघा. टाकी तोंडापर्यंत भरली, मीटर शून्यावर आणला, गाडी फिरवली, पुन्हा तोंडापर्यंत भरली. समजा दहा लिटर बसलं आणि मीटर म्हणाला शंभर. झालं, दहाचं ॲव्हरेज. पण गाडी चालली ११२, म्हणजे खरं ॲव्हरेज ११.२. पूर्वीचे बारा खरे धरले, तर घट दोनाची नाहीच. दोनातलं पाऊण एकतीस इंचीने खाल्लं, सव्वा कारकुनाने लिहिलंच नाही.

गंमत अशी की एरवी इतका मिरवणारा हा गडी आपली चाल मात्र झाकून ठेवतो. खर्च चारचौघांत, कमाई दडवलेली. व्यापाऱ्यांत अशी माणसं असतात, पण ती ते मुद्दाम करतात.

हे गणित एका ड्रायव्हरमामांनी कागदाशिवाय सोडवल्याची गोष्ट आहे. मालक तक्रार करत शेजारी बसलेला. मामा म्हणाले, ‘दगडं मोज.’ कल्याण-नगर रस्ता राष्ट्रीय महामार्ग, कडेला पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड. एका दगडापाशी मीटर शून्य केला आणि पन्नास दगड मागे टाकले. मीटर पंचेचाळिसालाही पोचला नाही. मालक म्हणाला, ‘दगड चुकीचे बसवलेत सरकारने.’ मामांनी गिअर बदलला आणि विचारलं, ‘पन्नासच्या पन्नास?’

वेगही तोच कारकून सांगतो. काटा ऐंशीवर असतो, गाडी एकोणनव्वदच्या पुढे. कंपन्या काटा मुळात किंचित जास्त दाखवणारा ठेवतात, कारण खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणं नियमात बसत नाही; ती सवलत एकतीस इंची पहिल्याच दिवशी संपवतो. मग महामार्गावरचा कॅमेरा, मग मोबाइलवर चलान. मालक देवाची शपथ घेऊन सांगतो की काटा ऐंशीच्या पुढे गेला नव्हता. खरंच गेला नव्हता. ऑइल बदलायचं तेही बाराशे किलोमीटर उशिरा, कारण मीटरचे दहा हजार म्हणजे चाकाचे अकरा हजार दोनशे. गाडी विकायला काढली की मात्र ‘मीटर बघा, किती कमी चाललीय’ म्हणताना मालकाला कारकुनाबद्दल काही तक्रार नसते.

बरं, हा झाला खोटा आळ. खरा खुराकही आहेच.

पहिली गोष्ट वजनाची. जुन्याशेजारी ठेवला तर एका टायरमागे सात-आठ किलो सहज वाढतात. चार चाकांचे तीस किलो. दीड टन टोमॅटो वाहणाऱ्या गाडीला तीस किलो म्हणजे काय, दीड क्रेट, असं मालक म्हणतो. पण क्रेट हौद्यात नुसतं बसलेलं असतं. टायर फिरतो. गाडी जागची हलवताना त्याला दोनदा ढकलावं लागतं, एकदा गाडीबरोबर पुढे आणि एकदा स्वतःभोवती. वजन जितकं कडेला, तितकं ते फिरवायला जड. अगदी बाहेरच्या काठावरचा किलो सुटताना जवळजवळ दोन किलोंसारखा वागतो, आणि याचं मांस सगळं काठावरच. एकदा गती घेतली की कुरकुर नाही. म्हणून मोकळ्या रस्त्यावर हा सज्जन आणि आळेफाट्याच्या चौकात खादाड. थांब, सुट, थांब, सुट. प्रत्येक सुटण्याला घासभर डिझेल, आणि ब्रेक दाबला की तो घास लायनरात जळून जातो.

दुसरी खोड गुणगुणायची. चिखलासाठी खोल, सुट्या गठ्ठ्यांची नक्षी असलेला असला तर चाळिसाला गुणगुणतो, साठाला त्याचा सूर लागतो आणि सत्तरीला गाडीतल्या माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. नवा ड्रायव्हर बेअरिंग गेलं समजून गॅरेज गाठतो. पन्नास किलोमीटर चालून आल्यावर याच्या कडेला हात लावून बघा. चांगला ऊन लागतो. रबर रस्त्याला टेकताना दबतं, सुटताना फुलतं, पण दबताना घेतलेलं सगळं परत करत नाही; थोडं स्वतःपाशी ठेवतं, त्याची ऊब होते. ती ऊब पंपावर पैसे मोजून घेतलेली आहे.

इथे त्याच्या बाजूने एक साक्ष काढली पाहिजे. उंची हा त्याचा गुन्हा नाही. चाक मोठं असलं की खड्डा उथळ लागतो आणि दगड बुटका. बैलगाडीचं चाक एवढं उंच उगाच करत नसत. रबर, नक्षी, हवा सारखी ठेवून नुसती उंची वाढवली, तर चाकाला रस्त्याचा होणारा विरोध किंचित कमीच होतो. खादाडी आहे ती खोल नक्षीत, जाडीत आणि हवेच्या हेळसांडीत.

हवा हे तर प्रकरणच आहे. दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर हवेचा आकडा असतो, पण तो जुन्याचा. एकतीस इंचीला किती, असं पंक्चरवाल्याला विचारलं, की तो हाताखालच्या पोराला ओरडून सांगतो, ‘पस्तीस टाक.’ रिकाम्या गाडीला ठीक. सत्तर क्रेट चढल्यावर पस्तीस म्हणजे उपासमार. दुसऱ्या कुणाचं एव्हाना पोट सुटलं असतं. याच्या कडा जाड, त्यामुळे हा पोट आत घेऊन उभा राहतो. कमी हवेतही तरतरीत दिसायची कला त्याला साधलेली आहे. गेज लावल्याशिवाय पकडता येत नाही. आणि मोठा म्हणजे ओझ्याला दणकट, हाही समज खोटा. ते ठरतं प्लायवर आणि कडेवर छापलेल्या भाराच्या आकड्यावर. तिथे १०० असेल, तर त्या टायरने ८०० किलो झेलावेत. रुंद छातीचा सहा प्लायचा आणि काटकुळा बारा प्लायचा शेजारी उभे असतील, तर क्रेट काटकुळ्याच्या खांद्यावर द्यावेत.

शिवाय हा एकटा येत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डाच्या आतल्या प्लास्टिकला याचा खांदा घासतो, खर्रर्र. म्हणून पाट्यांखाली ठोकळे येतात, गाडी आणखी दोन इंच वर जाते. मग रुंद रिम, मग पुढे लोखंडी बंपर, मग टपावर दिव्यांची रांग. वाऱ्याला अंगावर घ्यायला जागा वाढत जाते. साठावरून ऐंशीला गेलात, तर वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटीच्या वर जातो. पिकअपचं तोंड आधीच कपाटासारखं. आता ते कपाट स्टुलावर ठेवलं. हे डिझेलही मालक टायरच्याच नावावर मांडतो. फारसं चुकत नाही. वऱ्हाड ज्याच्यामुळे आलं, त्याच्याच नावावर पंगत.

याची खरी कसोटी माळशेज घाटात. जुन्नरकडून मुंबईला माल जाताना भरल्या गाडीने घाट उतरायचा, येताना रिकाम्या गाडीने चढायचा, अशी सोय सह्याद्रीनेच करून ठेवलेली. एकतीस इंचीला उतरणही सोसत नाही. चाक मोठं झालं की ब्रेकची पकड तेवढ्याच प्रमाणात कमी पडते, गिअरवर गाडी धरून ठेवावी म्हटलं तर तीही पूर्वीसारखी धरली जात नाही, आणि खाली पोचेपर्यंत लायनरचा वास नाकात.

आणि परतीचं भाडं मिळालं, हौद्यात सिमेंटच्या गोण्या चढल्या, की चढणीला सोंग उघडं पडतं. समजा इंजिनाने २०० न्यूटनमीटरचा टॉर्क दिला, तर या चाकातून रस्त्याला तो १७९ सारखा पोचतो. सपाटीला हे कळत नाही. उलट रिकामी गाडी वरच्या गिअरात असली की इंजिनाला कमी फेरे पुरतात, आणि अशा दिवशी एकतीस इंची खरोखर काटकसरीने वागतो. ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण कारकून. घाटात मात्र जिथे गाडी तिसऱ्यात चढायची, तिथे तिसऱ्यात कण्हते आणि दुसऱ्यात ओरडते. दोहोंच्या मधला एक गिअर हवा असतो, जो कंपनीने दिलेलाच नाही. मागे काळा धूर, आत क्लचचा वास. त्या वळणांवर जे डिझेल जातं, त्याचा आळ खरा.

यावर इलाज आहे. मागच्या हाउसिंगमधली क्राउन-पिनियनची जोडी बदलायची, म्हणजे चाक जेवढं वाढलं तेवढा दात्यांचा हिशोबही वाढतो. याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदांत ही रीतच आहे. तिकडच्या डिझेल पिकअप म्हणजे फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५००, आत ६.७ लिटरचं इंजिन, खाली ३५ नाहीतर ३७ इंची टायर. बत्तीसवरून पस्तीसला गेलेला तिथला हौशी माणूस ३.७३ ची जोडी काढून ४.१० ची बसवतो, की गुणाकार पुन्हा होता तिथे येतो. आणि संगणक जोडून कारकुनालाही नवा दर कळवून टाकतो. आपल्याकडे मालक क्राउन-पिनियनचा खर्च ऐकतो, चहाचा कप खाली ठेवतो आणि दुसऱ्या गिअरवर समाधान मानतो.

याचं एक कौटुंबिक दुःखही आहे. पाचवा भाऊ. खर्च वाचवायला मालक चारच घेतो, आणि घेतला असता पाचवा, तरी हौद्याखालच्या स्टेपनीच्या जागेत तो मावत नाही. तिथे जुनाच लटकलेला असतो. मागचं एखादं पंक्चर झालं, की एका बाजूला एकतीस आणि दुसऱ्या बाजूला पावणेअठ्ठावीस. गाडी कुबडी घेतल्यासारखी चालते. डिफरन्शिअल, जो एरवी फक्त वळणावर राबतो, तो सरळ रस्त्यावरही राबायला लागतो आणि तापतो. आणि या सगळ्यात तो जुना टायर, ज्याला कुणी पॉलिश मारलं नाही, मुकाट घरी घेऊन येतो.

चिखलाचा विषय याच्यापुढे काढू नये. काढला की थांबत नाही. ओढ्यातल्या गोट्यांवरून, मुरमाड वाटेवरून हा खरंच झोकात जातो, गाडीचं पोट टेकू देत नाही. ते श्रेय त्याचं त्याला. पण जुलैत काळ्या रानात शिरला, की गाळ नक्षीत भरतो आणि दोन मिनिटांत नक्षीदार टायरचा गुळगुळीत गोटा होतो. रुंद असल्यामुळे वरच्या वर तरंगायला बघतो. बाजूने एखादा अरुंद टायर चिखल चिरत तळच्या कडक जमिनीला टेकतो आणि निघून जातो. मग ट्रॅक्टर येतो, साखळी लागते. ओढ्यातला फोटो मालकाच्या मोबाइलवर सगळ्यांत वर असतो. साखळीचा फोटो निघत नाही.

सरकारी माणसांशी याचं बरं नाही. पुण्यात टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. गाड्यांच्या कागदावरची ॲव्हरेजं अशा ठिकाणी ठरतात, रोलरवर, कंपनीने ठरवलेल्या मापाच्या टायरवर. तिथे याला कोणी बोलवत नाही. आरटीओत तर जायचीच चोरी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ मापांपासून फारकत घेऊ देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं.

म्हणून पासिंगच्या आदल्या रात्री अंगणात जॅक लागतो. बॅटरीच्या उजेडात चारही चाकं उतरतात, जुनी चार चढतात. सकाळी गाडी बुटकी होऊन, मान खाली घालून तालुक्याला जाते आणि शिक्का घेऊन येते. एकतीस इंची त्या दिवशी गोठ्याशेजारच्या छपरात, एकावर एक रचलेला. आत मांजरीने पिलं घातली की त्याचा मुक्काम आणखी वाढतो. तेवढ्यात टोमॅटोचा हंगाम येतो, रोज भाडं, रोज घाट, आणि मालक म्हणतो राहू दे आत्ता जुनेच. डिझेलचा हिशोब बाराला येऊन टेकतो. एकतीस इंचीच्या पांढऱ्या अक्षरांवर कोंबड्या शिटतात.

मग चैत्र येतो, गावची यात्रा. आदल्या दिवशी मांजरीची पिलं पाटीत हलवली जातात. ब्रश, साबण, पॉलिश. अक्षरांवर नवा रंग. हौद्यावर साउंडच्या भिंती रचल्या जातात, पुढे पालखी, मागे पोरं, आणि सगळ्यांच्या मधे ही पिकअप पावलापावलाने सरकते. भंडारा उडून टायर पिवळेधमक होतात. मळ्यातून आलेली पाव्हणेमंडळी वाकून वाकून बघतात, कोणीतरी बुक्की मारून बघतो. संध्याकाळी सहाला देवळापासून निघालेली मिरवणूक वेशीवर पोचायला रात्रीचे अकरा वाजतात. एवढ्या वेळात मीटरचा काटा शून्यावरून उठलेला नसतो.